भंडारदऱ्याच्या काठावर एक रात्र: तंबू बरा, शेजार वाईट

गेली अकरा वर्षे कचराळी तलावाभोवती सकाळच्या फेऱ्या मारणाऱ्या माझ्यासारख्या ठाणेकर बाईला तलाव म्हणजे कठडा, बाके आणि पलीकडे हिरवट पाणी एवढेच ठाऊक असते. कठडा नसलेल्या पाण्याशेजारी एकदा झोपावे, या इच्छेने मी, यजमान, सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा अशा चौघांनी डिसेंबरातल्या एका शनिवारी भंडारदऱ्याला तंबूतला मुक्काम घेतला. आयोजकाचे नाव येथे देत नाही. जी तक्रार आहे ती मी त्याला तोंडावर सांगून आले आहे. दर माणशी १,२०० रुपये होता आणि त्यात संध्याकाळचा चहा-भजी, रात्रीचे जेवण, तंबू आणि सकाळचे पोहे धरलेले होते.

ठाण्याहून अंतर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. त्यातला माजिवडा ते वडपे हा तुकडा सकाळी सहाच्या आत ओलांडला, तर कसारा घाट चढून घोटीमार्गे चार तासांत पोहोचता येते. सातनंतर निघणाऱ्याने वेळेचा हिशेब करूच नये.

‘पाण्याला लागून तंबू’ हे जाहिरातीतले वाक्य ऋतू पाहूनच वाचावे, कारण हा नैसर्गिक तलाव नव्हे. प्रवरा नदीवर ब्रिटिशांनी १९१० ते १९२६ या काळात बांधलेल्या विल्सन धरणाचा हा जलाशय असून त्याची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे अकरा टीएमसी आहे. बहुतेक वर्षी तो ऑगस्टमध्ये भरतो आणि पुढे अकोले, संगमनेरकडच्या शेतीसाठी आवर्तने सुटू लागली की काठ महिन्यामहिन्याला खाली सरकत जातो. आमचा तंबू पाण्यापासून जेमतेम तीस पावलांवर होता. मे महिन्यातही असाच असतो का, असे विचारल्यावर तिथल्या काकांनी हसून सांगितले, “तेव्हा पाणी पार खाली जातं ताई, मग आम्हीबी तंबू घेऊन त्याच्या मागं जातो.” उन्हाळ्यात जाणाऱ्याने भेगाळलेल्या गाळावरून चालण्याची तयारी ठेवावी.

तंबूबद्दल सविस्तर लिहिते, कारण पैसे मुख्यतः त्याचेच मोजायचे असतात. तो दुहेरी कापडाचा होता, चेन धड चालत होती, खाली ताडपत्री आणि वर जाड गादी होती. एवढे असूनही पहाटे चारच्या सुमारास माझ्या कपाळावर थेंब पडला आणि मी दचकून उठले. विजेरी लावून पाहिले, तर आतल्या कापडावर मोहरीएवढ्या थेंबांची दाट पखरण झाली होती. तो बाहेरचा पाऊस नव्हता, आमच्याच चौघांच्या श्वासांची वाफ गार कापडाला लागून साचली होती. थंडीच्या भीतीने आम्ही जाळीची खिडकी घट्ट बंद केली होती, ही आमचीच चूक. मात्र गाद्या अंथरताना ती चार बोटे उघडी ठेवा, असे कोणीतरी सांगायला हवे होते. पांघरुणे स्वच्छ पण पातळ होती. सासूबाईंनी घरून आणलेल्या गोधडीला मी ठाण्यात नाक मुरडले होते, आणि तिच्याखाली रात्रभर झोपलेही मीच. शौचालये तीन, भारतीय आणि पाश्चात्त्य दोन्ही पद्धतींची. रात्री नेटकी होती, सकाळी आठला बादलीतले पाणी संपले.

जेवणाला मात्र पूर्ण गुण. चुलीवरची तांदळाची भाकरी, पिठले, खलबत्त्यात कुटलेला ठेचा, वाटाण्याची उसळ आणि इथल्याच खाचरातल्या इंद्रायणीचा मऊ भात, शिवाय मागणाऱ्याला गावरान कोंबडीचा रस्सा. वाढणाऱ्या मावशींनी मुलाची भाकरी तूप लावून वेगळी ठेवली होती, आणि त्याचे पैसे विचारल्यावर त्या रागावल्या.

आता तक्रार. नोंदणी करताना मी दोनदा विचारले होते की रात्री गाणी लावतात का, आणि दोन्ही वेळा ‘आपल्याकडे नाही’ हे उत्तर आले. ते शब्दशः खरे निघाले, कारण गाणी शेजारच्या आवारात लावलेली होती आणि दोन आवारांच्या मध्ये फक्त एक सुतळी बांधलेली होती. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी आहे. तिथे तो एक वाजेपर्यंत सुरू होता. आयोजकाने ‘आमच्या हातात नाही’ म्हणून हात वर केले. शेवटी मावशीच सुतळी ओलांडून गेल्या, काय बोलल्या कोण जाणे, पण पाच मिनिटांत आवाज थांबला आणि दिवेही मालवले गेले. तेव्हा कुठे आकाश दिसले. मृग नक्षत्र इतके ठळक होते की व्याधाचा बाण मुलाने न सांगता ओळखला. काठालगतचे बरेचसे जंगल १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येते. तिथल्या प्राण्यांना अशा शनिवारी काय वाटत असेल, हा विचार मला ठाण्याला परतल्यावरही सोडत नव्हता.

आयोजकाच्या बाजूने दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. कोणालाही पोहायला पाण्यात उतरू दिले नाही, कारण तळ एकाएकी खोल जातो. आणि सकाळच्या होडीत जीवरक्षक जाकीट बांधल्याशिवाय नावाड्याने वल्हे उचलले नाही. होडीने रतनवाडीचे अमृतेश्वराचे दगडी देऊळ पाहून आलो. वाटेत नावाड्याने राघोजी भांगरे यांची गोष्ट सांगितली. याच अकोले तालुक्यातल्या देवगावच्या या बंडकऱ्याला इंग्रजांनी २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. त्या तुरुंगाच्या भिंतीवरून माझी रोज रिक्षा जाते, हे मी त्याला सांगितले, तेव्हा तो थोडा वेळ वल्हे थांबवून माझ्याकडे पाहत राहिला.

पाचपैकी साडेतीन गुण देते; कापलेला दीड गुण त्या सुतळीचा आणि सकाळच्या रिकाम्या बादलीचा आहे. नोंदणीपूर्वी ‘शेजारी कोण आहे’ हेही विचारावे आणि शक्य तर शनिवार टाळावा. आम्ही फेब्रुवारीतला एक बुधवार त्याच मावशींकडे सांगून ठेवला आहे. मुलाची शाळा एक दिवस बुडेल, याबद्दल त्याची काहीच हरकत नाही.