पुराच्या नकाशासाठी क्यूजीआयएस आणि इनासेफ: आठ महिन्यांचा अनुभव

२२ जुलै २०२१ ला चिपळूणबरोबर वाशिष्ठीकाठची आमची वाडीही बुडाली. पुन्हा तेवढंच पाणी चढलं तर आधी कोणाला हलवायचं, हे कागदावर असावं म्हणून गेले आठ महिने क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर आणि त्याच्या आत चालणारं इनासेफ वापरतोय. दोन्ही फुकट.

इनासेफ मूळचं इंडोनेशियाचं. पूर कुठवर येतो तो नकाशाचा एक थर द्यायचा, घरं-माणसांचा दुसरा. किती घरं पाण्यात जातील, किती माणसं हलवावी लागतील, याचा अहवाल तयार होतो. आठवड्याची गरजही काढून देतं: माणशी २.८ किलो तांदूळ, १७.५ लिटर पिण्याचं पाणी. तांदूळच धरलाय, त्यामुळे आपल्याकडे तो आकडा बदलावा लागला नाही.

अडलं ते पुराच्या थरापाशी. जमिनीच्या उंचीसाठी एसआरटीएमची माहिती उतरवली. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने मोजलेली ही उंची; तिचा एक चौकोन साधारण ३० मीटरचा, आणि एका चौकोनाला एकच उंची. त्यात आमचं घर, खळं, गोठा सगळं मावतं. शिवाय दाट झाडी असली की रडार पार जमिनीपर्यंत पोचत नाही, आणि नारळी-पोफळीची बाग नकाशावर टेकाड होऊन बसते. माझ्या पहिल्या नकाशात वाडीतली सगळ्यात सखल जागा कोरडी होती. त्या जागेतली माणसं २०२१ ला माळ्यावर चढून बसली होती! तो नकाशा कोणी खरा मानला असता तर, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

मग टेप घेऊन घरोघरी फिरलो. शेजारच्या काकूंनी ओटीवरचं कॅलेंडर बाजूला केलं. मागे चिखलाची रेघ तशीच. "घर रंगवलं, पण एवढी पट्टी ठेवायला सांगितली मी," म्हणाल्या. जमिनीपासून सहा फूट दोन इंच. प्रत्येक घराचं जोतं वेगळं, म्हणून गवंड्याच्या पाण्याच्या नळीने सगळ्या खुणा एका पातळीत आणल्या आणि पुराची हद्द हाताने आखली. नकाशात नसलेली घरं उपग्रहचित्रावरून छपरं बघून भरली. आता अहवालातली घरं आणि त्या दिवशी बुडालेली घरं जुळतात.

पाणी किती वाजता चढेल हे इनासेफ सांगत नाही. त्यासाठी हेक-रास हे नदीचं पाणी कसं वाहतं-चढतं ते काढणारं सॉफ्टवेअर शिकतोय; त्यात खालच्या टोकाला खाडीच्या भरतीची पातळी देता येते, आणि आमच्याकडे उधाणावर बरंच काही ठरतं. दरडींसाठी मात्र पुराचा हा नकाशा अजिबात वापरू नका.

आधी हलवायच्या घरांची यादी शाळेच्या दारावर लावली आहे. काकूंचं घर तिसरं आहे.