फ्रँकलिनची १३ गुणांची वही: मोहोरापासून गणपतीपर्यंत वापरून

आंब्याला मोहोर धरला तेव्हा ही वही सुरू केली, आता गणपती होऊन गेले. एवढ्या महिन्यांनी ठामपणे सांगतो, माणूस ठरवून सुधारू शकतो. सगळ्या गुणांत सारखा नाही, पण बोलण्यात नक्की.

पद्धत अमेरिकेचा मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०) याची. तरुणपणी त्याने मिताहार, मौन, काटकसर असे गुण निवडले आणि प्रत्येकाला वहीत एक पान दिलं. पानावर वारांचे ७ रकाने, गुणांच्या १३ ओळी. आठवडाभर एकाच गुणावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, रात्री जिथे चुकलं तिथे काळा ठिपका द्यायचा. १३ आठवड्यांची एक फेरी, वर्षात ४ फेऱ्या.

वही साधी चौकटींची घ्या, पण पेन्सिलने लिहा. आमच्याकडे आषाढात कागद सर्द होतो आणि शाई फुटते. फ्रँकलिनच्या वहीलाही ठिपके खोडून खोडून भोकं पडली होती. मग त्याने हस्तिदंती पानांवर रकाने आखले आणि पेन्सिलचे ठिपके ओल्या स्पंजने पुसू लागला.

नीटनेटकेपणाचा आठवडा आंब्याच्या हंगामात आला तर तो गेलाच म्हणून समजा. टेम्पो दारात, पेंढा संपलेला, फोन वाजतोय. फ्रँकलिनलाही हाच गुण सगळ्यांत जड गेला होता. तो पावसाळ्यात धरावा.

प्रामाणिकपणाचं उलट आहे, त्याला हंगामच हवा. रत्नागिरीकडच्या पावस गावाजवळ आमची हापूसची बाग आहे, पेट्या थेट गिऱ्हाइकांना जातात. पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, "साका निघणार नाही ना?" साका म्हणजे फळाच्या आतला खराब झालेला गर. या प्रश्नाला धंद्यात एकच उत्तर ठरलेलं असतं: गॅरंटी. मी म्हटलं, "फळ चौदा आणे तयार झाल्यावरच काढतो, तापलेल्या जमिनीवर ठेवत नाही. पण साका वरून कळत नाही, ताई. निघाला तर फोटो पाठवा, तेवढी फळं भरून देतो." त्यांनी दोन पेट्या सांगितल्या, आणि पुढे बहिणीसाठी आणखी एक.

नम्रता हा तेरावा गुण. मूळ यादी १२ गुणांचीच होती. तू गर्विष्ठ आहेस असं क्वेकर पंथाच्या एका मित्राने सांगितल्यावर फ्रँकलिनने हा जोडला. त्यासाठी त्याने 'नक्की', 'निःसंशय' असले शब्द बोलण्यातून काढले आणि 'मला असं वाटतं' म्हणायची सवय लावली. आपल्याला खरी नम्रता फारशी साधली नाही, दिसण्यापुरती साधली, असंही त्याने लिहून ठेवलंय. माझ्या मते तेवढीही पुष्कळ आहे, कारण समोरच्याला माघार न घेता बोलायला जागा मिळते.

माझा तो आठवडा नेमका गणपतीत आला. मुंबईहून चुलतभाऊ आले होते. सातबारा सामायिक आणि विहिरीकडच्या आंब्याच्या चार कलमांवरून वडिलांच्या वेळेपासूनचा वाद. आरतीनंतर पडवीत विषय निघालाच. मी म्हटलं, "दादा, मला वाटतं हद्द विहिरीच्या अलीकडून जाते. तुला काय आठवतं?" दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग आत जाऊन आजोबांच्या वेळचा मोजणीचा नकाशा घेऊन आला. तो कागद त्याच्याकडे आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. चुलतीने बत्ती धरली आणि आम्ही दोघांनी खुणा वाचल्या. निम्म्या खुणा त्याच्या म्हणण्यासारख्या निघाल्या, निम्म्या माझ्या.

दिवाळीनंतर दोघांच्या सहीने नव्या मोजणीचा अर्ज जाणार आहे. तोवर त्या चार कलमांचं उत्पन्न निम्मं-निम्मं घ्यायचं ठरलंय.