योनिमार्गातील दुर्गंधी : कोणत्या कारणाला कोणता उपचार

योनिमार्गाला स्वतःचा सौम्य, किंचित आंबट वास असतो आणि पाळी, घाम व शरीरसंबंध यांनुसार तो थोडाफार बदलतो. त्यावर उपचार लागत नाहीत. मात्र वास एकाएकी तीव्र झाला, काही दिवस टिकला आणि स्रावाचा रंग किंवा प्रमाणही बदलले, तर औषधाच्या दुकानातून बुरशीवरचे औषध आणावे की तपासणी करून घ्यावी, हा निर्णय घ्यावा लागतो. दुर्गंधी हीच मुख्य तक्रार असेल, तर तपासणीचाच मार्ग निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण असे की, बुरशीच्या, म्हणजे कॅन्डिडाच्या संसर्गात सहसा वास येतच नाही. त्यात तीव्र खाज, जळजळ, लाली आणि फाटलेल्या दुधासारखा घट्ट पांढरा स्राव आढळतो, तर योनिमार्गाची आम्लता बहुधा नेहमीसारखीच, म्हणजे पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) ४.५ पेक्षा कमी राहते. यावर क्लोट्रिमॅझोलची योनिमार्गात ठेवण्याची गोळी किंवा फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एकच गोळी दिली जाते. गरोदरपणात मात्र पोटातून फ्लुकोनॅझोल टाळून स्थानिक औषधच वापरतात.

याउलट बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये खाज नसते किंवा अगदी कमी असते आणि माशांसारखा वास ठळक असतो. योनिमार्गातील लॅक्टोबॅसिलस हे उपयुक्त जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करून इतर जंतूंना आवर घालतात. त्यांची संख्या घटली की गार्डनेरेला आणि ऑक्सिजनविना वाढणारे जिवाणू बळावतात, पीएच ४.५ च्या वर जातो आणि अमाइन नावाची दुर्गंधीयुक्त संयुगे तयार होतात. वीर्य आणि रक्त अल्कधर्मी असल्याने शरीरसंबंधानंतर किंवा पाळीच्या दिवसांत हा वास वाढतो. स्राव पातळ, करडसर पांढरा आणि एकसारखा असतो. मेट्रोनिडॅझोलच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा ७ दिवस, किंवा त्याचेच जेल ५ दिवस, किंवा क्लिंडामायसिन क्रीम ७ रात्री, असे पर्याय आहेत. गोळ्यांनी मळमळ होते आणि तोंडाला धातूसारखी चव येते, म्हणून ज्यांना त्या सोसत नाहीत त्यांना जेल बरे पडते. क्लिंडामायसिन क्रीममधील तेलामुळे लेटेक्सचा कंडोम कमकुवत होतो, हे ते निवडताना लक्षात ठेवावे.

या आजाराचा खरा त्रास म्हणजे तो परत परत होतो. निम्म्याहून अधिक स्त्रियांना वर्षभरात तो पुन्हा गाठतो, आणि त्यात स्वच्छतेचा दोष आहे असे समजून त्या स्वतःलाच बोल लावतात, हे मला फार अन्यायाचे वाटते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात पुरुष जोडीदारालाही गोळ्या आणि लावण्याचे क्रीम दिल्यावर १२ आठवड्यांत आजार उलटण्याचे प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आले. त्यामुळे आजार वारंवार होत असेल, तर जोडीदाराच्या उपचाराचा विषय डॉक्टरांकडे आवर्जून काढावा.

ट्रायकोमोनियासिसमध्येही वास येतो आणि पीएच वाढतो, त्यामुळे त्याची बॅक्टेरियल व्हजायनोसिसशी गफलत होते. येथे कारण जिवाणू नसून ट्रायकोमोनास हा एकपेशीय परजीवी असतो, तो शरीरसंबंधातून पसरतो, आणि वासासोबत खाज, लघवी करताना जळजळ व पिवळसर हिरवा, कधी फेसाळ स्राव दिसतो. औषध पुन्हा मेट्रोनिडॅझोलच, तेही ७ दिवस. पण येथे जेल पुरेसे पडत नाही, पोटातूनच गोळ्या घ्याव्या लागतात. जोडीदाराचा उपचार ऐच्छिक नसतो, दोघांचे औषध पूर्ण होऊन लक्षणे जाईपर्यंत शरीरसंबंध टाळावा लागतो आणि ३ महिन्यांच्या आत फेरतपासणी करतात. सूक्ष्मदर्शकाखालील साध्या तपासणीत हा परजीवी अनेकदा निसटतो, म्हणून शक्य असल्यास त्याची जनुकीय चाचणी करून घ्यावी.

आत विसरलेल्या टॅम्पॉनमुळे, म्हणजे पाळीत योनिमार्गात ठेवण्याच्या शोषक बोळ्यामुळे, कुजल्यासारखा असह्य वास येतो आणि तो काढताच बहुधा प्रश्न मिटतो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्याने योनिमार्ग कोरडा व नाजूक होतो, त्याची आम्लता कमी होते आणि वास बदलू शकतो. त्यावर योनिमार्गात वापरण्याचे इस्ट्रोजेन उपयोगी पडते.

कारण कोणतेही असो, आतून पाण्याने किंवा सुगंधी द्रावणाने धुणे टाळावे, कारण त्याने लॅक्टोबॅसिलस आणखी घटतात. बाहेरील भाग साध्या पाण्याने धुणे पुरेसे असते. ताप, ओटीपोटात दुखणे किंवा गर्भावस्था असेल तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये. टॅम्पॉन वापरताना तापासोबत अंगावर पुरळ किंवा चक्कर आली, तर टॅम्पॉन काढून तातडीने रुग्णालय गाठावे. रक्तमिश्रित दुर्गंधीयुक्त स्राव किंवा पाळी कायमची थांबल्यानंतरचा रक्तस्राव असेल, तर गर्भाशय आणि गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी, कारण क्वचित प्रसंगी त्यामागे कर्करोग असतो.