परिचयपत्रांचं ॲप, काही महिने वापरल्यानंतर: 'पुरस्कार'ची चौकट काढा

आमच्या वाचन-शिक्षक गटातलं कुणी ना कुणी दर महिन्याला दुसऱ्या शाळेत पाहुणं म्हणून जातं. त्यांचा छोटा परिचय आधी पाठवावा लागतो. त्यासाठी वर्गणीतून या ॲपचं वर्षाचं पॅकेज घेतलं. माहिती भरायची, परिचय आणि फोटोसकट कार्ड तयार, हे सगळ्यांना ठाऊक आहेच.

काल पुन्हा 'पुरस्कार'वर अडलं, म्हणून लिहितेय. ही चौकट सक्तीची आहे. रिकामी सोडली की लाल होते आणि पुढचं पान उघडतच नाही. करवीर तालुक्यातल्या आमच्या एक बाई वर्षानुवर्षं पहिली-दुसरी शिकवतात. अक्षरं ओळखणाऱ्या पण शब्द न जुळणाऱ्या मुलाला शेजारी घेतात, ओळीवर बोट ठेवून त्याच्याबरोबर वाचतात. त्यांनी पुरस्कारासाठी कधी प्रस्तावच पाठवला नाही. मदत केंद्राला विचारलं, तर म्हणाले, 'लागू नाही' असं लिहा. लिहिलं. कार्डावर ठळक छापून आलं, 'पुरस्कार: लागू नाही'. हयात मुलांना वाचायला शिकवण्यात गेलेल्या बाईंच्या नावाखाली हे? मी ते कार्ड पाठवलं नाही. तक्रार केली की दर वेळी नवा माणूस आणि तेच उत्तर.

परिचयाला असलेल्या 60 शब्दांच्या मर्यादेचाही सुरुवातीला राग यायचा. डी.एड., बी.एड., पद, शाळा, केंद्र एवढ्यातच शब्द संपायचे. आता मात्र ती मर्यादाच मला ॲपमधली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या अभियानानुसार तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत, म्हणजे एवढा परिचय त्याला मिनिटभरात वाचता यावा. एका शाळेत मुख्याध्यापकांनी पाहुण्या सरांचा परिचय खरंच तिसरीतल्या मुलीकडून वाचून घेतला. 'राज्यस्तरीय साधनव्यक्ती'ला ती अडखळली. 'सर गोष्ट अर्धी सांगतात आणि उरलेली मुलांना वाचायला लावतात' हे मात्र घडाघडा वाचलं. लगेच वर्गातून प्रश्न, 'सर, कुठली गोष्ट?' तेव्हापासून पहिलं वाक्य कामाचं घेते, पदव्या शेवटी, जागा उरली तर.

गटात मी लीलाताई पाटलांचं उदाहरण देते. 1985 मध्ये त्यांनी कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि मुलांना घोकायला न लावता अनुभवातून शिकू दिलं. एवढ्यात माणूस कळतो. पुरस्काराची ओळ नसल्यानं काय अडलं?

बाकी तक्रार फारशी नाही. पीडीएफमध्ये जोडाक्षरं फुटायची, ते मधल्या अपडेटनंतर सुधारलं. बोलून टाइप करणं उत्तम, आपला कोल्हापुरी हेलसुद्धा ओळखतं.

पण हिशेब बघा. शब्द मोजून देणारं मजकुराचं पान फुकट आहे, पैसे आहेत ते कार्डाचे. आणि कार्ड तर आता मी राजारामपुरीतल्या डीटीपीवाल्याकडून करून घेते. तो म्हणाल ती ओळ ठेवतो, म्हणाल ती काढतो. मग शिक्षकांच्या वर्गणीतले पैसे ॲपवाल्यांना कशापायी द्यायचे? त्या चौकटीची सक्ती काढली तर पुन्हा घेऊ, तोवर पॅकेज वाढवणार नाही. घेतलेलं असेल तर एक करा. मुदत संपली की पैसे आपोआप कापले जातात, ते सेटिंग आजच बंद करून ठेवा.