‘कॉपीप्रूफ’ पीडीएफच्या नावाखाली आम्हाला घातलेला गंडा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. ठिबकमधून द्राक्षबागेला खतं सोडणारे कंट्रोलर आम्ही बनवतो. मशीनबरोबर मराठी मॅन्युअलची पीडीएफ जाते, संगणकावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सीएचएम हेल्प फाइल असते. ही सगळी लिखापढी माझ्याकडे. एका स्पर्धकाने आमची पानं चित्रांसकट उचलली, तेव्हा मालक म्हणाले, याला काहीतरी कुलूप लावा. त्याच सुमारास ‘डॉक्युमेंट सिक्युरिटी’वाला एक गृहस्थ ऑफिसात येऊन बसला. नाव देत नाही, कारण प्रकरण चालू आहे.

त्याचा डेमो बघण्यासारखा होता. आमचंच मॅन्युअल घेतलं, काहीतरी केलं आणि रीडरमध्ये उघडून दाखवलं. वर ‘सिक्युअर्ड’ लिहून आलेलं, प्रिंटचं बटण मेलेलं, मजकूर सिलेक्ट करून कॉपी होईना. प्रत्येक पानावर आमचा फिकट लोगो. ‘२५६ बिट एन्क्रिप्शन आहे, बँकांत वापरतात तेच. एक अक्षर कोणी बदलू शकणार नाही.’ पंचेचाळीस हजार अधिक जीएसटी. हेल्प फाइललाही ‘लॉक’ लावून दिलं.

पुढे ऑक्टोबर छाटणीनंतर पिंपळगाव बसवंतकडचे एक बागायतदार चिडूनच ऑफिसात आले. म्हणाले, ‘तुमच्या माणसाने अनलॉक कोडचे पैसे घेतले, आता फोन उचलत नाही.’ आमच्याकडे अनलॉक कोड नावाची भानगडच नाही. त्यांनी मोबाइल पुढे केला. व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली पीडीएफ. मुखपृष्ठ आमचं, लोगो आमचा, चित्रं आमची. एरर कोडच्या तक्त्यात मात्र एक ओळ बदललेली. आम्ही लिहिलं होतं, ‘फ्लो सेन्सरची जाळी काढून धुवा.’ तिथे होतं, ‘बोर्ड लॉक झाला आहे, अनलॉकसाठी कॉल करा’, आणि खाली भलताच नंबर. त्यावर फोन केला की २,४०० रुपये यूपीआयने मागायचे. बरं, एरर येणार कधी? तर पाणी गढूळ आलं, जाळी तुंबली की. म्हणजे ऐन खत सोडायच्या वेळी, जेव्हा माणूस दोन हजारांसाठी घासाघीस करत बसत नाही.

मी ती ओळ मोठी करून पाहिली. ‘कॉल’मधला ल उभ्या दांडीचा, हिंदी वळणाचा. आमच्या मॅन्युअलमध्ये सगळीकडे मराठी वळणाचा गोल ल आहे. पीडीएफमध्ये बहुतेक वेळा फॉन्टचा पूर्ण संच बसवलेला नसतो, वापरलेली अक्षरंच असतात. त्यामुळे फेरफार करणाऱ्याला दुसरा फॉन्ट घ्यावा लागला असणार. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये बदल केल्याची तारीखही आमच्या आवृत्तीनंतरची होती.

मग कुलपाचं काय झालं? पीडीएफला दोन वेगळे पासवर्ड असतात. एक फाइल उघडण्याचा, दुसरा परवानग्यांचा: प्रिंट चालेल का, कॉपी चालेल का, बदल चालेल का. आम्हाला विकलेला होता तो दुसरा. उघडण्याचा पासवर्ड नसेल तर वाचणारं सॉफ्टवेअर फाइल पूर्ण उलगडतंच, नाहीतर पान दिसणार कसं? पुढे परवानगी पाळायची की नाही हे त्या सॉफ्टवेअरच्या सभ्यतेवर. न पाळणारी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. एन्क्रिप्शन २५६ बिटच होतं, खोटं बोलला नाही. कुलूप भारी, फक्त किल्ली दारालाच अडकवलेली. सीएचएमची गत त्याहून वाईट. ती सेव्हन-झिप या फुकटच्या प्रोग्रॅमने उघडते, आणि विंडोजच्या स्वतःच्या एचएच प्रोग्रॅमला डीकंपाइलची, म्हणजे फाइल सुटी करण्याची, आज्ञा दिली तर आतली सगळी एचटीएमएल पानं फोल्डरमध्ये येऊन पडतात. ती बदलून पुन्हा सीएचएम बांधता येते.

त्या गृहस्थाला फोन केला तर म्हणतो, ‘तुमच्याच माणसाने पासवर्ड फोडला असेल.’ बिल काढून पाहिलं: ‘डॉक्युमेंट सिक्युरिटी सर्व्हिस’, बस्स. ‘बदलता येणार नाही’ हे वाक्य तोंडीच राहिलेलं. वकिलांनी पहिला प्रश्न तोच विचारला: हे लेखी आहे का?

बागायतदारांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि cybercrime पोर्टलवर तक्रार नोंदवली. आम्ही वेगळी तक्रार दिली: आमच्या नावाने फसवल्याबद्दल आयटी कायद्याचं कलम ६६ड आणि मॅन्युअल चोरल्याबद्दल कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ६३. कॉपीराइटची नोंदणी केली नव्हती, पण हक्कासाठी ती सक्तीची नाही. एक गोष्ट आवर्जून सांगतो, खोटी फाइल रागाच्या भरात डिलीट करू नका. ती मेसेजसकट जशीच्या तशी ठेवा, तोच पुरावा.

आता आम्ही काय करतो? मॅन्युअलवर कंपनीची क्लास ३ डिजिटल सही असते. सहीनंतर फाइलला हात लागला तर रीडर तसं सांगतो. पण सहीची गंमत अशी की चोर ती काढूनच टाकू शकतो, आणि रीडरला सही ओळखता आली नाही तर ई-आधारवर दिसतं तसं पिवळं प्रश्नचिन्ह खऱ्या सहीवरही दिसू शकतं. मोबाइलवर पीडीएफ बघणारा शेतकरी तिकडे पाहणार नाही. सही डीलरसाठी ठीक आहे. त्यांना प्रत्येक आवृत्तीचा एसएचए-२५६ हॅशही देतो, म्हणजे फाइलचा अंगठाच म्हणा, फाइलमध्ये काहीही बदललं की तो वेगळा येतो. चौसष्ट अक्षरं असतात, विंडोजच्या सर्टयुटिल कमांडने कोणीही काढून ताडून पाहू शकतो.

शेतकऱ्यासाठी उपाय फाइलच्या बाहेर सापडला. मॅन्युअलमधून फोन नंबर काढूनच टाकला. नंबर आता कंट्रोलरच्या डब्यावर रिव्हेट मारलेल्या पत्र्यावर आहे, आणि मॅन्युअलच्या प्रत्येक पानाखाली एवढंच छापतो: ‘मदतीसाठी डब्यावरचा नंबर लावा. आम्ही कुठल्याही कोडचे पैसे घेत नाही.’ फाइलही पाठवत नाही, आमच्या साइटची लिंक पाठवतो. कॉपी व्हायची ती होतेच. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढणाऱ्याला कोण अडवणार? त्यावर पैसे घालवणं आम्ही बंद केलं.

तो गृहस्थ सध्या सिन्नरकडच्या कारखान्यांत तोच डेमो दाखवत फिरतोय असं कानावर आलंय. तुमच्याकडे आला तर लॉक केलेली एक फाइल त्याच्याकडून मागून घ्या, तुमच्या कॉम्प्युटरवाल्या पोराला एक रात्र द्या, आणि ‘बदल करता येणार नाही’ हे बिलावर लिहून द्यायला सांगा. आमच्या ओळखीच्या एकाने लिहून मागितलं, तर साहेब पुन्हा फिरकले नाहीत.