जुन्या खुर्चीला नवे अभ्रे: सोलापुरी चादर, खण की आईचं लुगडं?

आमच्या सागवानी खुर्चीचं लाकूड अजून खणखणीत आहे, पण बैठकीचा आणि पाठीचा असे दोन्ही अभ्रे पार विरले होते. नवे शिवायचे म्हटल्यावर कपाटातून तीन कापडं निघाली: सोलापुरी चादर, खण आणि आईचं सुती नऊवारी. तुम्हीही अशाच पेचात असाल, तर आधी फोम मुठीनं दाबून पाहा. खळगा लगेच भरून आला नाही तर फोम बदला, कारण बसक्या फोमवर कुठलाही अभ्रा सुरकुततो.

बैठकीसाठी माझं मत ठामपणे सोलापुरी चादरीला. बसता-उठता सगळा ताण शिवणीवर येतो आणि तो सोसणारा जाडपणा या तिघांत तिच्याकडेच आहे. सुती असल्यानं उन्हाळ्यात चिकटत नाही. विणीतली नक्षी मागच्या बाजूलाही रंग पालटून उमटलेली असते, त्यामुळे अभ्र्याची वरची बाजू सुलट आणि खालची उलट ठेवली की एकाच गादीची दोन रूपं मिळतात. काठ वाया घालवू नका. समोरच्या उभ्या पट्टीवर तो फार शोभतो. मात्र कापण्याआधी चादर एकदा वेगळी धुऊन वाळवा, नाहीतर शिवलेला अभ्रा पहिल्याच धुण्यात आटतो. कापल्यावर कडेचे धागे भराभर सुटतात, म्हणून इंटरलॉक किंवा झिगझॅग हवंच. १६ नंबरची सुई लावा, टीप थोडी लांब ठेवा आणि पायपिंगचा, म्हणजे शिवणीत दोरी घालून कडेला गोट लावायचा, मोह टाळा. कोपऱ्यावर इतके थर घरच्या मशीनखाली सरकत नाहीत.

खण दिसायला या तिघांत सर्वांत देखणा. पण तो मुळात चोळीचं कापड. पन्हा अरुंद, पोत पातळ. रोज बसायच्या जागी लावला तर शिवणीजवळचे धागे सरकून फटी पडतात. पाठीच्या उशीला मात्र तो उत्तम, कारण तिथे नुसतं टेकायचं असतं. आतून मांजरपाटाचं अस्तर लावाच. हल्ली खण म्हणून बरंच पॉलिस्टर विकलं जातं. शंका असेल तर एक धागा जाळून पाहा. सुताची राख होते, पॉलिस्टरची कडक गाठ होते. पॉलिस्टरनं पाठीला घाम येतो.

मापाचं उदाहरण देते. फोम २० बाय २० इंच आणि ४ इंच जाड असेल, तर वरचा-खालचा तुकडा २१ इंच चौरस आणि बाजूची पट्टी ५ इंच रुंद कापा. शिलाईला चोहोबाजूंनी अर्धा इंच मिळतो. चेन मागच्या बाजूला २४ इंचांची घ्या, म्हणजे ती दोन्ही कोपऱ्यांवरून थोडी वळते आणि फोम ओढाताण न करता आत जातो. चेन जमत नसेल तर पाठीच्या उशीला एकावर एक येणारी झडप पुरते, बैठकीला नाही. तिथे ती बसल्यावर उघडते. मशीन हलकं असेल तर चादरीचे तुकडे स्वतः कापून फक्त शिलाईला टेलरकडे द्या.

राहिलं लुगडं. शेकडो धुण्यांनी ते इतकं मऊ झालंय की हात फिरवला तरी बरं वाटतं, आणि आता ते आटणारही नाही, रंगही सोडणार नाही. पण उजेडासमोर धरलं तर मधला भाग जाळीसारखा दिसला. दोन अंगठ्यांनी जरा ताणलं तर चर्र झालं. बैठकीवर ते महिनाभरही टिकलं नसतं आणि ते फाटलेलं मला बघवलं नसतं. म्हणून त्याचे तीन थर एकावर एक घालून, धावदोऱ्यानं छोटी गोधडी शिवली. ती खुर्चीच्या पाठीवर टाकलेली असते. थंडीत संध्याकाळी वाचायला बसलं की पायांवर येते.