शत्रूशी हातमिळवणी: समान संकट की सक्ती?
कॉमिकमध्ये सुपरहिरोला गुन्हेगाराच्या बाजूला उभं करायचे दोन मार्ग. समान संकट लिहायला सोपं: तिसरा शत्रू दोघांच्याही मुळावर उठतो. पण मग 'हिरो एकटाच का नाही निपटत?' असं वाचक विचारणारच. म्हणून गुन्हेगाराकडे असं काही द्या जे हिरोकडे नाही, उदाहरणार्थ टोळीतली ओळख. नुसती जास्तीची ताकद दिली तर तो बिनपगारी मदतनीस वाटतो.

सक्तीत ताण आयता मिळतो. हिरोच्या अंगात विष, उताऱ्याची कुपी गुन्हेगाराच्या खिशात. एकाच अंकाची गोष्ट असेल तर हाच मार्ग बरा. लांबवला की तीच धमकी पुन्हापुन्हा द्यावी लागते. गोची एकच: उतारा मिळताच युती संपते. तो मध्यावरच हाती लागू द्या, पण तोवर गुन्हेगाराच्या ताब्यात एखादा ओलीस ठेवा. २२ पानी अंकात पहिला दगाफटका चौदाव्या पानाच्या आसपास शोभतो. पाचव्यावर केलात तर मोडायला युतीच जमलेली नसते.